लाकडी कोस्टरवर अंग खिळखिळं होतं ते रुळांमुळे की गाडीमुळे?

खिळखिळा_प्रवासी

नमस्कार मंडळी. आमच्या घरात एक वाद सहा वर्षं धुमसतोय. आता तो इथे आणतो, कारण घरात कुणीच ऐकायच्या मनःस्थितीत नाही.

सहा वर्षांपूर्वी मी आणि दादा एका लाकडी रोलर कोस्टरवर बसलो. पार्कचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कुणाची तक्रार करायची नाहीये. दादा माझ्या पुढच्याच रांगेत होता, म्हणजे आमच्यात जेमतेम हातभर अंतर. उतरलो तेव्हा माझी मान धरली होती, डाव्या बरगडीवर कसलीशी कड उमटली होती आणि प्रत्येक वळणावर कुणीतरी खांद्याला धरून गदागदा हलवावं तसं वाटलं होतं. एकदा नाही, एकाच वळणात चार-पाच वेळा. दादा उतरला तो हसत. "मस्त होती, जराशी थरथरली," एवढंच म्हणाला.

यंदा पुन्हा गेलो. तोच सांगाडा, तेच उतार, पण गाडी नवी. आधीची लांब डब्यांची होती. आताची म्हणजे छोट्या छोट्या डब्यांची माळ, एका डब्यात फक्त दोन माणसं. आणि राईड अशी बदलली की मी उतरून लगेच परत रांगेत उभा राहिलो. वळणं तीच, वेग मला तरी तेवढाच वाटला, पण ते गदागदा हलवणं गायब.

मी म्हणतो गाडीने फरक पडला. दादा म्हणतो, "अरे, रूळ दुरुस्त केलेत, नव्या लाकडाचे पट्टे दिसत नव्हते का? गाडी म्हणजे काय, चार चाकं आणि एक बाकडं. आणि पहिल्या वेळीही काही एवढं वाईट नव्हतं, तूच नाजूक आहेस."

नव्या लाकडाचे पट्टे खरंच दिसत होते, हे कबूल. पण गाडीने काहीच फरक पडत नाही, हे मला पटत नाही. कुणी नीट समजावेल का? आणि पुढच्या वेळी बसायचं कुठे, तेही सांगा.

मागची_रांग

दादांच्या बाजूने एक मत.

लाकडी कोस्टरचा रूळ म्हणजे एकावर एक बसवलेल्या फळ्यांचे थर, आणि चाक जिथे फिरतं तिथे वरून पोलादी पट्टी. लाकूड पाणी पितं, सुकतं, फुगतं. खिळे आणि बोल्ट सैल होतात. उताराच्या तळाशी जिथे गाडी सगळं वजन टाकते तिथे खळगे पडतात. म्हणून दर हंगामाआधी सुतार मंडळी काही भाग उचकटून नव्या फळ्या घालतात. तुम्ही पाहिलेले पट्टे तेच. नव्या फळ्यांवरून कुठलीही गाडी बरीच धावेल.

आणि नुसती गाडी बदलून भागत असतं तर ग्वाझी वाचलं असतं. अमेरिकेतल्या टँपाच्या बुश गार्डन्स पार्कमधलं हे जोडकोस्टर १९९९ मध्ये सुरू झालं. अंग ठेचतं म्हणून बदनाम झालं, २०११ मध्ये त्याला छोट्या डब्यांच्या नव्या गाड्या आणल्या. तरी २०१५ मध्ये बंदच पडलं. शेवटी लाकडी सांगाड्याच्या काही भागावर पोलादी रूळ चढवून २०२२ मध्ये ते आयर्न ग्वाझी म्हणून परत आलं. काय बदलल्यावर भागलं, बघा.

फिटर_निवृत्त

मी एकतीस वर्षं रेल्वेच्या डबे दुरुस्तीच्या कारखान्यात काढली. त्यातली बरीचशी डब्याखाली उताणा पडून. त्यामुळे "चार चाकं आणि एक बाकडं" हे वाक्य वाचून चहाचा कप खाली ठेवला. दादांना माझा नमस्कार सांगा, पण ते चुकताहेत. पूर्ण नाही, अर्धे.

आधी भूमितीचं बघू. लांब डबा घ्या, पुढे एक ॲक्सल (दोन चाकांना जोडणारा आडवा कणा), मागे एक, दोन्ही चौकटीला पक्के, एकमेकांना समांतर. सरळ रुळावर काही तक्रार नाही. वळणावर मात्र रूळ वाकतो आणि डबा वाकत नाही. तो त्या कमानीत दोरीसारखा ताणून उभा राहतो, धनुष्याची दोरी असते तशी. कमान आणि दोरी यांच्यामध्ये जे अंतर पडतं ते किती? ॲक्सलांमधल्या अंतराचा वर्ग भागिले त्रिज्येची आठपट. उदाहरणापुरतं धरा, ॲक्सल २ मीटरवर आणि वळणाची त्रिज्या १५ मीटर. अंतर येतं सुमारे ३३ मिलिमीटर. आता ॲक्सल १ मीटरवर आणा. उरतात ८ मिलिमीटर. लांबी निम्मी, फरक चौथाई. छोट्या डब्याची अर्धी करामत या एका वर्गात आहे.

पण त्याहून वाईट गोष्ट म्हणजे चाकाचं तोंड. त्याच २ मीटरच्या डब्यात प्रत्येक ॲक्सल वळणाशी जवळजवळ ४ अंशांनी तिरका असतो. म्हणजे चाक एकीकडे बघतंय आणि रूळ दुसरीकडे चाललाय. पुढचं बाहेरचं चाक रुळाच्या कडेवर जाऊन धडकतं, रूळ त्याला आत ढकलतो, थोडं सुटतं, परत धडकतं. वळण गोल असलं तरी डबा ते छोट्या छोट्या सरळ तुकड्यांनी कापत जातो. खिळखिळा_प्रवासी, तुम्ही लिहिलंय ना, "एकाच वळणात चार-पाच वेळा"? हे तेच. रूळ खराब असता तर ठरलेल्या जागी एक दणका बसला असता. अख्ख्या वळणभर तालात हलवणं हे गाडीचं लक्षण आहे.

आता छोट्या डब्यांची माळ. त्यात सगळ्यात पुढच्या डब्याला दोन ॲक्सल असतात, बाकी प्रत्येकाला एकच. पुढचं टोक आधीच्या डब्याच्या शेपटीला जोडलेलं. बैलगाडी आठवा. एकच कणा, पुढे जू. बैल वळले की गाडी आपसूक वळते, कण्याला रस्त्याशी भांडावं लागत नाही. चारचाकी हातगाडी वळवून बघा म्हणजे फरक कळेल, मागची चाकं फरफटतात. इथे आणखी एक बारकावा आहे, आणि मला तो फार आवडतो. दोन डब्यांमधला जोड दोन्ही ॲक्सलच्या बरोबर मधोमध आला, तर वळणात दोन्ही ॲक्सल नेमके वळणाच्या केंद्राकडे रोखलेले राहतात. कुणी सुकाणू फिरवायला नको. जोड मागेपुढे सरकला की तितका तिरकेपणा परत येतो. म्हणजे डबा छोटा असून भागत नाही, जोड कुठे आहे हेही बघावं लागतं.

तिसरी गोष्ट पिळाची. वळणात शिरताना रूळ नुसता वळत नाही, एका बाजूला कलतोही. म्हणजे पुढच्या ॲक्सलखाली वेगळा कल आणि मागच्याखाली वेगळा. चार चाकांची कडक चौकट अशा रुळावर आली की लंगड्या टेबलासारखी होते. तीन पाय टेकलेले, चौथा हवेत. मग तो चौथा टेकतो आणि दुसरा कुठला तरी उठतो. टेबलावर बसलेल्या माणसाची काय अवस्था होईल सांगा. एका ॲक्सलच्या डब्याला हा रोगच नाही, दोन चाकांचं काही लंगडत नाही. मात्र मधला जोड पिळता आला पाहिजे. नुसता डावीकडे-उजवीकडे वळणारा जोड असेल तर सगळं मुसळ केरात.

हे काही काल निघालेलं नाही. अमेरिकेत प्रायर आणि चर्च या जोडीने १९२० च्या दशकातच अशा एका बाकाच्या, एकमेकांत गुंतलेल्या डब्यांच्या गाड्या केल्या होत्या. शिकागोच्या रिव्हरव्ह्यू पार्कमधलं १९२४ चं बॉब्स हे कोस्टर चर्चच्याच आखणीचं. गाडी मुरडू शकते म्हणून तसली वळणं आखता आली. मधल्या काळात लांब डब्यांची चलती झाली, आणि ग्रेट कोस्टर्स इंटरनॅशनल या कंपनीने १९९९ मध्ये मिलेनियम फ्लायर नावाने तीच जुनी कल्पना नव्या पोलादात उतरवली.

दादांना द्यायला एक दाखला. याच कंपनीचं पहिलं कोस्टर हर्शीपार्कमधलं वाइल्डकॅट, १९९६ चं. तेव्हा कंपनीकडे स्वतःची गाडी नव्हती, म्हणून त्यावर फिलाडेल्फिया टोबॉगन या दुसऱ्या कंपनीची गाडी धावायची. २००८ मध्ये तिथे मिलेनियम फ्लायर लावल्या. ज्यांनी रूळ आखला त्यांनाच बारा वर्षांनी गाडी बदलावीशी वाटली, याचा अर्थ काय तो दादांनी लावावा.

आता दादा अर्धे बरोबर कुठे? रूळ बिघडतो हे खरंच. पण रूळ बिघडवतं कोण? चोवीस माणसांची गाडी घ्या. तीन बाकांचे चार डबे केले तर ॲक्सल आठ. दोन बाकांचे सहा डबे केले तर बारा. एका बाकाचे बारा डबे केले तर तेरा. माणसं तेवढीच, पण आठ ॲक्सलच्या गाडीत प्रत्येक चाकावर पडणारा भार पुष्कळ जास्त, वर ते चाक तिरकं. दिवसातून शेकडो वेळा तेच चाक त्याच फळीला त्याच जागी बाहेर ढकलतं. खळगा पडला की पुढचा डबा त्यात आपटून तो आणखी खोल करतो. आमच्या कारखान्यात चाकं घासून आली की चाकवाले रूळवाल्यांना शिव्या द्यायचे आणि रूळवाले आम्हाला. दोघांचंही खरं असायचं.

ग्वाझीचंही तेच. मागची_रांगनी बरोबर दाखला दिलाय, फक्त निष्कर्ष घाईने काढला. बारा वर्षं मार खाल्लेल्या रुळावर चांगली गाडी आणली तरी जुने खळगे ती भरून काढत नाही. ती नवे कमी पाडते, इतकंच.

उडता_गालिचा

काका, सगळं पटलं, पण एक खडा टाकते. एल टोरो?

न्यू जर्सीतल्या सिक्स फ्लॅग्ज ग्रेट ॲडव्हेंचरमधलं, २००६ चं, इंटामिन कंपनीचं. एका डब्यात तीन रांगा, सहा डबे, छत्तीस माणसं. तुमच्या हिशोबाने ही गाडी म्हणजे लंगडं टेबल व्हायला हवी. मी बसले तेव्हा पहिला उतार असा होता की लाकडावर आहोत हे विसरायला झालं. उंची ५५ मीटर, वेग ताशी ११० किलोमीटरच्या वर, तरी खांदा हलला नाही. बाक सोडून हवेत मात्र इतकी लटकले की मांडीवर दांड्याचा वळ उठला. तो आनंदाचा वळ, त्याची तक्रार नाही.

आणि एक. राईड म्हणजे फक्त "हलतंय का" एवढंच नाही ना? तुम्ही सगळे वळणांवरच बोलताय. मी तर टेकाडांसाठी बसते. टेकाडावर उडवण्यात गाडीचा काय हात, ते सांगा.

फिटर_निवृत्त

खडा नेमका लागला.

एल टोरोचा रूळ जागेवर सुतारांनी फळी-फळी ठोकून केलेला नाही. कारखान्यात लेसरने कापलेले तयार तुकडे आणून जोडलेत. स्वीडनमधल्या लिसेबर्गचं बाल्डर, कोरियातल्या एव्हरलँडचं टी एक्सप्रेस, ही त्याच जातीची. रूळ मिलिमीटरच्या हिशोबाचा असेल तर चाक आणि रूळ यांच्यात फट फार ठेवावी लागत नाही. फट कमी म्हणजे आपटायला जागा कमी. दारं फुगतील या भीतीने चौकटीत सैल बसवलेलं दार वाऱ्याने आपटतं, नीट बसवलेलं आपटत नाही. शिवाय त्याची चाकं पॉलियुरेथेनची, म्हणजे रबरासारख्या प्लॅस्टिकची आहेत. जुन्या पद्धतीच्या गाड्यांत पोलादी चाक पोलादी पट्टीवर धावतं, मध्ये गिळून टाकणारं काहीच नाही. पॉलियुरेथेन बारीक थरथर गिळतं. आणि एल टोरोचा भर सरळ धावणाऱ्या टेकाडांवर जास्त आहे, तिथे लांब डब्याला फार दुखत नाही. तीच गाडी एखाद्या वळणावळणाच्या जुन्या हातठोक रुळावर नेऊन सोडा, मग बोलू.

म्हणजे लांब डबा वाईटच असं मी म्हणत नाहीये. लांब डब्याला रुळाकडून फार सभ्यपणाची अपेक्षा असते, आणि जुना लाकडी रूळ सभ्य नसतो.

टेकाडांचं म्हणाल तर गाडीचा हात इतका आहे की ती टेकाडं गाडीमुळेच जन्माला आली. फार जुन्या लाकडी कोस्टरांना खालून धरणारं चाकच नव्हतं. डबा रुळावर नुसता ठेवलेला, बाजूच्या कठड्याने सावरलेला. मेलबर्नच्या लुना पार्कमधलं सीनिक रेल्वे १९१२ पासून चालू आहे, तिथे आजही गाडीवर एक माणूस उभा राहून हाताने ब्रेक लावतो. अशी गाडी टेकाडावरून जोरात नेली तर ती सरळ उडून जाईल, म्हणून टेकाडं सौम्य ठेवावी लागायची. जॉन मिलरने रुळाच्या पोटाखालून धरणाऱ्या चाकाचं पेटंट १९१९ मध्ये घेतलं आणि आखणी करणाऱ्यांचे हात मोकळे झाले. तेव्हापासून प्रत्येक कोपऱ्यावर तीन जातींची चाकं आली, वरून धावणारं, बाजूने सावरणारं आणि खालून अडवणारं. तुम्ही टेकाडावर हवेत लटकता तेव्हा डब्याचा भार वरच्या चाकावरून निघून खालच्या चाकावर जातो. त्या क्षणी एक "खट्" ऐकू येतो. पुढच्या वेळी कान देऊन ऐका.

आणि मांडीवरचा दांडा हाही गाडीचाच भाग. मुलीकडे पेनसिल्व्हेनियात गेलो होतो, तिने मला कनोबल्समधल्या फिनिक्सवर बसवलं. हे कोस्टर १९४७ मध्ये टेक्सासात सॅन अँटोनियोत उभं राहिलं. पुढे ते उतरवून फळी-फळी वाहून आणली आणि १९८५ मध्ये इथे पुन्हा उभं केलं. उंचीने फार काही नाही. डबे तीन बाकांचेच. पण मी बसलो त्या गाडीला दोघांमध्ये एकच दांडा होता आणि तो एकाच जागी येऊन थांबायचा. मांडी आणि दांडा यांच्यात माझी वीतभर जागा मोकळी. शेवटच्या टेकाडांवर मी त्या वीतभर जागेत जाऊन-येऊन होतो. बासष्टाव्या वर्षी. मुलगी म्हणाली, "बाबा, ओरडताय काय," मला तर कळलंही नव्हतं. तीच टेकाडं, तीच गाडी, पण मांडीला घट्ट आवळणारा दांडा लावला असता तर ती गंमत निम्म्यावर आली असती.

दोन दिवसांनी हर्शीपार्कमध्ये लायटनिंग रेसरवर बसलो, ते मिलेनियम फ्लायरवालं. दोन गाड्या शेजारी-शेजारी शर्यत लावतात. फलाटावर मी वाकून चाकं बघत राहिलो आणि मागच्या मुलांनी पुढे सरका म्हणून आवाज दिला. वळणांत ती गाडी सापासारखी गेली. पण खरं सांगू, मला आठवते ती फिनिक्सच. ती हलवत होती, पण उगाच नाही.

मागची_रांग

काका, निष्कर्ष मागे घेतो, अर्धा.

माझ्या नावाला जागून शेपटीबद्दल बोलतो, कारण गाडीची लांबीही राईड बदलते आणि त्यावर कुणी बोललंच नाही. एका क्षणी अख्खी गाडी एकाच वेगाने जाते, साखळीच आहे ती. टेकाडावर तिचा वेग सगळ्यात कमी कधी? तिचं मधलं वजन माथ्यावर असतं तेव्हा. पहिली रांग माथा ओलांडते तेव्हा बाकी गाडी अजून चढतेय, म्हणून ती माथ्यापलीकडे जाऊन हळूहळू खाली लोंबते. शेवटची रांग माथ्यावर येते तोवर अर्धी गाडी खाली सुटलेली असते आणि शेपटीला हिसका देऊन ओढून नेते. म्हणून उडायचं असेल तर मागे, बघायचं असेल तर पुढे. गाडी जितकी लांब तितका हा फरक मोठा. आखूड गाडीत सगळ्यांच्या वाट्याला साधारण सारखंच येतं.

संध्याकाळी बसा, हेही सांगून ठेवतो. दिवसभर फिरून बेअरिंगमधलं ग्रीस पातळ होतं आणि गाडी सकाळपेक्षा जोरात धावते. म्हणून सहा वर्षांपूर्वीची राईड सकाळची होती की संध्याकाळची, हाही प्रश्न आहे.

बाकी पोलादी रूळ लाकडी सांगाड्यावर चढवण्याची जी लाट आलीय, न्यू टेक्सास जायंट २०११, स्टील व्हेंजन्स २०१८, त्यावर माझं प्रेम आहे, पण त्यांना लाकडी म्हणू नका. लाकूड तिथे फक्त खांब धरून उभं आहे.

उडता_गालिचा

बाकाबद्दल एक राहिलं. जुन्या डब्यांत दोघांमध्ये आडोसा नसायचा, एक सलग गुळगुळीत बाक. पिट्सबर्गजवळच्या केनीवूडमध्ये थंडरबोल्ट आहे, त्यात एक लांब गोल फेरा येतो आणि आतला माणूस घसरत जाऊन बाहेरच्यावर आदळतो. तिथे एकट्याने बसायचं नाही असा नियम प्रसिद्ध होता, आणि दोघांपैकी आडदांड कोण ते पाहून बाजू ठरवायची. मध्ये आडोसा लावला की बरगड्या वाचतात, पण शेजारच्यावर कोसळण्याची धमालही जाते. खिळखिळा_प्रवासी, तुमच्या बरगडीवरची कड कसली होती? शेजारी कोण होतं?

खिळखिळा_प्रवासी

सगळ्यांचे आभार. शेजारी एक अनोळखी शाळकरी मुलगा होता, त्याने मला काही केलं नाही. कड बाजूच्या पत्र्याची होती, आणि वेळ दुपारची.

पण काका, तुमचं वाचून मी एक केलं. तेव्हा पार्कने काढलेला फोटो विकत घेतला होता, तो शोधून काढला. त्यात आमचा अख्खा डबा दिसतोय. मोजलं, तीन बाकं. पहिल्यावर दोन बायका. मधल्यावर दादा, दोन्ही हात वर. तिसऱ्यावर मी, डोळे घट्ट मिटलेले, आणि माझ्या बाकाच्या बरोबर खाली चाक. पहिल्या बाकाखालीही चाक दिसतंय. दादाच्या खाली काहीच नाही.

म्हणजे आम्ही एकाच डब्यात होतो आणि तरी दोन वेगळ्या राईड घेतल्या? हे असं होऊ शकतं का? की मी माझ्या सोयीचं वाचतोय?

फिटर_निवृत्त

सोयीचं नाही, खरं आहे. ही गोष्ट मी आधीच सांगायला हवी होती.

मागचा ॲक्सल खळग्यात गेला आणि समजा १० मिलिमीटर दचकला, पुढचा जागेवर आहे. डबा कडक आहे, म्हणून मागच्या ॲक्सलच्या बरोबर वर बसलेला माणूस पुरते १० मिलिमीटर दचकतो. मधोमध बसलेला ५. बाजूच्या धक्क्याचंही तेच, डबा मधोमध खुंटीवर फिरल्यासारखा झुलतो आणि टोकं जास्त झुलतात. मधला माणूस त्या खुंटीवर बसलेला असतो. बाक ॲक्सलच्याही मागे लोंबत असेल तर टोकाच्या माणसाला ॲक्सलपेक्षाही जास्त बसतं. रेल्वेच्या डब्यातही बघा, डब्याच्या मध्यावरचा बर्थ मिळाला तर लोक चांगली झोप लागली म्हणतात आणि दाराजवळचे रात्रभर कूस बदलतात. आम्ही प्रवासाला निघालो की घरच्यांना कुठली जागा मागायची ते आधीच सांगून ठेवायचो.

कोस्टरवाले शौकीन ॲक्सलवरच्या बाकाला चाकावरची जागा म्हणतात आणि तीन बाकांच्या डब्यात मधल्या बाकासाठी एक फेरी सोडूनही थांबतात. तुमच्या नव्या गाडीत हा प्रश्नच नाही. प्रत्येक बाक आपापल्या ॲक्सलशी बांधलेला आहे, सगळ्यांना सारखंच. तिथे फक्त पुढे बसायचं की मागे, एवढं ठरवा. पहिल्यांदा मागे बसा.

दादांना हा फोटो दाखवलात का?

खिळखिळा_प्रवासी

दाखवला. चाकं लाल पेनाने गोल करून पाठवला. दोन तास काही उत्तर नाही. मग फोन आला.

"रांगेत उभं असताना मी तुला काय म्हटलं होतं आठवतंय?" म्हणाला. "मधल्या रांगेत माझ्या शेजारी ये. तूच म्हणालास, नको, मागून व्हिडिओ चांगला येतो."

व्हिडिओ माझ्याकडे आहे. त्यात फक्त माझा गुडघा आहे आणि "अरे देवा, अरे देवा" असा आवाज.